विळेवाली शिकताना

अण्णा,

तुमच्या त्या बटणाच्या फोनमध्ये एकच खेळ होता, दाणे खाऊन लांब होत जाणाऱ्या सापाचा. काम आटोपलं की डीपीच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या लिंबाखाली बसून तुम्ही तो खेळायचात, आणि साप आपल्याच शेपटीला चावला की फोन खिशात टाकत म्हणायचात, "मेलं बघ. चल." आता मीही फोनवर खेळते. त्याबद्दलच तुम्हाला सांगायचं आहे, कारण त्या खेळातून जे निघालं ते शेवटी तुमच्यापर्यंत येऊन पोचलं. खेळ असा आहे की दोन्हीकडं पाच-पाच माणसं असतात, खरीखुरी, आपापल्या गावात आपापला फोन धरून बसलेली. प्रत्येकजण एकेक पात्र घेतो. कुणाकडं धनुष्य, कुणाकडं बंदूक, कुणी जादू फेकतो. मधे जंगल, नदी, आणि दोन टोकांना दोन किल्ले. समोरच्यांचा किल्ला पाडायचा. बहुतेक पात्रं लांबून मारतात. थोडी अशी आहेत ज्यांना जवळ जावं लागतं, अगदी हाताच्या अंतरावर. त्यांच्यातलंही सगळ्यांत अवघड पात्र मी शिकले. त्याला एक वर्ष लागलं.

मागच्याच्या मागच्या आषाढात शिडीवरनं पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. हो, मी लाइनवर आहे, तुमच्याच जागेवर. अठरा पूर्ण झाल्यावर अनुकंपावर घेतलं मला, लोहाऱ्याच्या सेक्शनला. सुरुवातीला बाई खांबावर चढती म्हणून बघायला लोक जमायचे. आता कुणी मान वर करत नाही. तर पाय प्लॅस्टरमध्ये, दीड महिना घरी, आई सैपाकघरात आणि मी बाहेरच्या खोलीत पलंगावर. बसून बसून जीव आंबला तेव्हा हा खेळ उतरवून घेतला. सत्तर-ऐंशी पात्रांच्या चित्रांत एक बाई दिसली. दोन्ही हातांत दोन विळे, पदर कमरेला खोचल्यासारखं काहीतरी, ज्वारी काढून बांधावरनं परत निघालेल्या बाईसारखी. तिचं खेळातलं नाव इंग्रजी आहे, माझ्या जिभेला वळत नाही. मी तिला विळेवाली म्हणते. निवडताना तिच्या नावापुढं तीन लाल ठिपके होते, म्हणजे शिकायला फार अवघड. ते मी बघितलेच नाहीत.

विळेवालीला चिलखत नाही, ढाल नाही, जीव एवढासा. ती समोरच्यावर एक खूण फेकते. खूण लागली तरच तिला त्याच्याजवळ उडी मारता येते. उडी मारली की जिथनं ती निघाली तिथं तिची सावली उभी राहते, आणि तीन सेकंदांच्या आत त्या सावलीत परतता येतं. तेवढ्यात तीन वार करायचे. तिसरा जरा थांबून, समोरच्याच्या अंगावरची खूण विझायला आली की नेमका तेव्हा. लवकर झाला तर वाया जातो. उशीर झाला तर सावली गेलेली असते आणि ती पाच माणसांच्या मधे उघडी उभी. पहिल्या महिन्यात मी एकेका डावात अकरा-अकरा वेळा मेले. आपल्याच बाजूचे चौघं शिव्या घालायचे. एकानं लिहिलं, "काकू, भाजी चिरा." आईला ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "खरंच चिर. दोडका ठिवलाय."

धाराशिव जिल्ह्यातल्या खेळणाऱ्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, वाशीपासून उमरग्यापर्यंतची चाळीसेक माणसं. त्यात आल्या आल्या नाव, गाव, काम लिहावं लागतं. मी लिहिलं: नाव, लोहारा, वीज कंपनीत लाइनवर. दुसऱ्याच दिवशी एकाचा निरोप आला. "ताई, तुमचे डाव बघितले. तुम्ही आधी उडी मारता आन् परतायचं नंतर बघता. शिकवू का?" त्यानं आपलं नाव लिहिलं नव्हतं, मी विचारलं नाही. मी त्याला गमतीनं उस्ताद म्हणायला लागले आणि तेच नाव राहिलं. आवाज तिशीतला, आपल्याकडचाच, सावकाश. त्याला हसताना मी फारसं ऐकलं नाही. पण चिडतानाही कधी ऐकलं नाही, आणि एक वर्ष मी त्याच्यासमोर रोज चुकत होते.

पहिले आठ दिवस त्यानं मला खरा डाव खेळू दिला नाही. सरावासाठी एक मोकळं मैदान असतं, त्यात लाकडाचा एक पुतळा उभा असतो. दुपारी तीनला मी कानात वायर घालून बसायचे आणि त्या पुतळ्यावर उडी मारायचे, परतायचे, उडी मारायचे, परतायचे. शंभर वेळा, दोनशे वेळा. अंगठ्याला घाम येऊन काच निसरडी व्हायची, मग मी पावडर लावायला लागले. तो पलीकडनं नुसता ऐकत असायचा आणि मधेच म्हणायचा, "उशीर." पुन्हा, "उशीर." नवव्या दिवशी खरा डाव. समोरचा एक धनुष्यवाला नदीकाठी एकटा दिसला आणि मी गेले. गवतातनं तिघं निघाले आणि मला संपवलं.

"ताई, का गेलात?"

"एकटा होता की तो."

"एकटा दिसत हुता. बाकीचे चार कुठं हायती, ते बघितलं का?"

असं कुणी विचारलं की मला तुम्ही आठवता. आठवीत असताना तुम्ही मला टेस्टर दिला होता, पिवळ्या मुठीचा, आणि घरातला प्रत्येक सॉकेट तपासायला लावला होता. त्याच आठवड्यात ओल्या हातानं मी मिक्सरचं बटण दाबलं आणि तुम्ही सैपाकघराच्या दारातनं येऊन फाडकन् मुस्काटात दिलीत. आई मधे पडली. तुम्ही म्हणालात, "मारू दे. करंट माणूस वळखत न्हाय, मी वळखतो म्हणून मारतोय." मी भाकरी न खाता बसले होते आणि तुम्ही माझ्यासमोर पाटावर बसून शेंगदाण्याच्या चटणीत तेल कालवत होता, माझ्याकडं न बघता. तुम्ही दुसऱ्यांसाठी एवढे भित्रे होता, अण्णा. स्वतःचे रबरी हातमोजे मात्र खांबाच्या खिळ्याला अडकवून तसेच वर जायचात. मी ते मोजे खालून कितीदा बघितलेत. वाऱ्यानं हलायचे, कुणीतरी हाका मारत असल्यासारखे.

दिवाळीपर्यंत माझं मरणं अकरावरनं चारवर आलं. तोवर पाय बरा झाला होता, ड्यूटी सुरू झाली होती. सकाळची फेरी संपवून घरी आले की तीनला उस्ताद असायचाच. आता तो मला थांबायला शिकवत होता. ते सगळ्यांत कठीण गेलं. जंगलातल्या उंच गवतात उभं राहिलं की समोरच्यांना आपण दिसत नाही. आपल्याला ते दिसतात. "लगीच जाऊ नका," तो म्हणायचा. "तुम्ही दिसला न्हाईत की माणूस भ्येतो. भ्येऊ द्या. किती येळ भिईल? एक मिनिट, दोन मिनिटं. मग त्याला कंटाळा येतो, मग त्यो आपल्या कामाला लागतो. तुम्ही हायात ह्येच इसरतो. तवा जायचं." मी गवतात उभी राहायचे आणि समोरचा माणूस हळूहळू निर्धास्त होताना बघायचे. आधी तो सारखा मागं वळून बघतो. मग कमी बघतो. मग बघतच नाही. त्या क्षणाची मला गोडी लागली होती, आणि हे तुम्हाला लिहिताना मला लाज वाटते.

डाव सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात तो लाइनच्या कामाचं विचारायचा. खांबावर चढायच्या आधी काय काय करतात? मी सांगायचे, सबस्टेशनला ऑपरेटरला फोन करायचा, तो लाइन बंद करतो, वहीत लिहितो, मग त्यानं हो म्हटलं की चढायचं. त्याला परमिट म्हणतात. आपण खाली येऊन सांगेपर्यंत तो लाइन चालू करत नाही. "आन् लोडशेडिंगला लाइट गेलेलीच असली तर?" तरी घ्यायचं, मी म्हणायचे. "तुमच्या वडलांच्या येळंला मोबाइल हुते का?" होते, नुकतेच आले होते, गावात रेंज एका ठिकाणी यायची, एका ठिकाणी नाही. मला वाटायचं, ह्याला आपल्या धंद्याची हौस आहे. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल इतकं नीट कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही गेल्याचं मी त्याला सांगितलं नव्हतं. वडील होते लाइनवर, एवढंच बोलले होते. पण तो नेहमी "वडलांच्या येळंला" म्हणायचा, "वडील काय म्हणतात" असं कधीच नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मग मागच्या कार्तिकातली ती दुपार. त्या दिवशी एका वस्तीवरचा जंप तुटला होता, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा. लाइट आधीच गेलेली होती, फोन लावला तर ऑपरेटरचा बिझी लागत होता, आणि वस्तीवरची माणसं पाणी द्यायचं म्हणून ओरडत होती. मी तशीच चढले, पाच मिनिटांत जोडून खाली आले. तिसऱ्या प्रहरी डाव जमत असताना मी हे उस्तादाला फुशारकीनं सांगितलं. मी म्हणाले, तुमच्या विळेवालीनं हात चपळ केलाय माझा, पाच मिनिटांत जाऊन परत.

त्यानं विचारलं:

"असं चालतं व्हय तुमच्यात? परमिट न घेता?"

"चालतं की. सगळेच करतात कधी ना कधी."

"तुमचे वडील बी?"

"ते बी," मी म्हणाले. डाव सुरू झाला होता, माझं लक्ष पडद्यावर होतं.

तो डाव मी आयुष्यात खेळले नव्हते इतका चांगला खेळले. आमचे चौघं मेले होते. समोरचे तिघं आमच्या किल्ल्याशी आले होते आणि मी एकटी गवतात. ते मला विसरले. मी गेले, तीन वार, सावलीत परत, दुसऱ्यावर गेले, परत, तिसरा पळत होता त्याला गाठलं. अंगठे आपोआप चालत होते. आम्ही जिंकलो, ज्यांनी शिव्या घातल्या असत्या त्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली, आणि एकेकजण निघून गेला. उस्ताद थांबला. आई उंबऱ्यात बसून सुपात तूर पाखडत होती. कानात त्याचा आवाज आला, नेहमीसारखाच सावकाश.

"ताई, एक इचारू? त्या दिवशी तुमच्या वडलांनी फोन केलाच न्हवता, न्हवं?"

मी आवाज कमी करायचं बटण दाबलं, तरी ऐकू आलं.

"सबस्टेशनला ऑपरेटर हुते, ते माझे वडील."

मी कानातली वायर काढली. आईनं सूप थांबवून विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, काही नाही, हरले.

तो दिवस तुम्हाला मी काय सांगणार? पण लिहिते, कारण इतकी वर्षं मी तो स्वतःशीही सरळ बोललेले नाही. मी सतरा वर्षांची, कॉलेजला. तुमचा डबा घेऊन त्या डीपीवर आले होते. अकरा ते एक लोडशेडिंग होतं. तुम्ही एकला दहा कमी असताना सबस्टेशनचा नंबर लावला. रेंज नव्हती, फोन लागला नाही. तुम्ही फोन पिशवीत टाकला, मोजे खिळ्याला अडकवले आणि चढलात. वेळ झाली तशी तिकडं ऑपरेटरनं लाइन चालू केली. पुढचं मी लिहीत नाही, तुम्ही तिथंच होतात.

तिसऱ्या दिवशी चौकशीला साहेब आले, आपल्याच दारात खुर्ची टाकून बसले. तुमच्या फोनमध्ये सबस्टेशनचा नंबर सगळ्यांत वर होता, वेळेसकट, ते सगळ्या गावानं बघितलं होतं. ऑपरेटर म्हणत होता, फोन वाजलाच नाही. गाव म्हणत होतं, वाजला आणि हा विसरला, किंवा झोपला होता, किंवा प्यालेला होता. साहेब यायच्या आधी तुमच्या थोरल्या भावानं मला न्हाणीपाशी बोलावलं. "बोलणं झालं म्हण. तुज्यासमोर झालं म्हण. न्हाय म्हणलीस तर चूक तुज्या बापाची ठरंल, अन् तुमी मायलेकी उघड्यावर." मी साहेबांना सांगितलं, बोलणं झालं, मी ऐकलं, अण्णा म्हणाले चढतोय. साहेबांनी लिहून घेतलं, मी सही केली. ऑपरेटरची नोकरी गेली. त्यांना मी कधी बघितलंही नव्हतं.

उस्तादाच्या त्या प्रश्नानंतर नऊ दिवस मी खेळ उघडला नाही. कामावर जात होते, पण तारेखालनं चालताना मान आपोआप आखडायची. अनोळखी नंबर वाजला की मी फोन पालथा ठेवायचे. तो धमकी देईल, तक्रार करील, आईला सांगेल. त्यानं काहीच केलं नाही. मला त्याचीच शिकवण आठवत होती आणि झोप लागत नव्हती. दहाव्या दिवशी निरोप आला. अणदूरचा पत्ता, आणि खाली एक ओळ: "वडील घरीच असतात."

रविवारी मी गेले. लोहाऱ्यातनं जीपनं हायवेपर्यंत, तिथनं एसटी. खंडोबा दरवर्षीसारखे नळदुर्गला मुक्कामाला गेलेले होते, त्यामुळं अणदूर अगदी चिडीचूप. खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर भंडाऱ्याचं एकही दुकान उघडं नव्हतं. घर सापडलं. पुढच्या खोलीत मोटारी दुरुस्तीचं दुकान, तांब्याच्या तारेची भेंडोळी, व्हार्निशचा उग्र वास. एक बारीक अंगाचा माणूस उठून म्हणाला, "या ताई," आणि आवाजावरनं मी ओळखलं. त्यानं पाणी दिलं. मागच्या खोलीत खाटेवर एक म्हातारा बसला होता, पाठ ताठ, शेजारी घड्याळ आणि मांडीवर वही. मी वहीत डोकावले. नोकरी गेली तरी ते सोळा वर्षं घरातली लाइट कधी गेली, कधी आली ते लिहीत होते. ओळीच्या ओळी. तारीख, वेळ, गेली, वेळ, आली. कोपऱ्यात अशा वह्यांची चळत होती.

"लोहाऱ्याकडच्या त्या लाइनमनची मुलगी," उस्तादानं त्यांना सांगितलं.

त्यांनी मला नीट बघितलं. "मोठी झालीस," म्हणाले.

मी उभ्यानंच बोलले, बसले असते तर जमलं नसतं. "काका, त्या दिवशी फोन लागलाच नव्हता. अण्णांनी नंबर लावला पण रेंज नव्हती. बोलणं झालं नव्हतं. मी खोटं सांगितलं. तुमची काही चूक नव्हती."

मला वाटलं होतं ते रडतील, नाहीतर शिव्या देतील, काठी उगारतील. ते घड्याळाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळून अगदी शांतपणे म्हणाले, "मग मी उचलला त्यो कुणाचा?"

मी विचारलं, काय उचललं?

"मी उचलला की फोन. तुजा बाप बोलला. म्हणला, चढतुय. मी म्हणलं, चढ, बंद ठिवतो. मग च्या आला, च्या पिलो, आन् इसरलो. एक वाजला तशी दिली सोडून." त्यांनी उजवा हात उचलून हवेत लाइन चालू करून दाखवली. "त्याचा आवाज अजून हाय की कानात."

"बाबा, फोन वाजलाच नव्हता," उस्ताद म्हणाला.

"तू गप. तू कुठं हुतास?"

ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की जणू मी त्यांचं काहीतरी काढून न्यायला आले आहे. त्यांनी वही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि काही न लिहिता वही मिटली.

उस्ताद मला थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "पहिली चार-पाच वर्षं म्हणायचे, वाजलाच न्हाई. समदे म्हणायचे, नीट आठवा. आई म्हणायची, भाऊबंद म्हणायचे, मी बी म्हणलोय. आठवा, आठवा. मग त्यांना आठवायला लागलं." मी ग्रुपवर आले त्या पहिल्याच दिवशी त्यानं मला ओळखलं होतं, आडनावावरनं. "आठ दिवसांत इचारून मोकळा होईन म्हणलं हुतं. मग तुम्ही शिकायलाच लागलात." एसटी लांबून दिसली तेव्हा तो म्हणाला, "कागदावर द्या, ताई. त्यांना आता काय फरक पडायचा न्हाई. मला पडंल."

मी दिलं. चार ओळींचा अर्ज, ऑफिसात नेऊन. साहेबांनी दोनदा वाचला आणि माझ्याकडं सरकवला. "बाई, परत घ्या. सोळा वर्षांचं गाडलेलं कशाला उकरताय? तुमचीच नेमणूक ज्यावर झाली तेच तुम्ही खोटं म्हणताय." मी म्हणाले, आवक शिक्का मारा. एक प्रत अणदूरला पाठवली. उस्तादाचा एका शब्दाचा निरोप आला, "मिळालं." त्यानंतर तो ग्रुपवर नाही, खेळात नाही.

आईला मी स्वतः सांगितलं, बाहेरनं कळण्याआधी. ती भाकरी थापत होती. थापलेली भाकरी तिनं तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, भाजून टोपलीत ठेवली, आणि मग म्हणाली, "त्यांला तू दुसऱ्यांदा खाली पाडलंस." त्याला आता तीन आठवडे झाले. ती मला वाढते, पण बोलत नाही. तुमच्या फोटोचा हार तिनं बदलला, नवा आणला, मोठा. परवा नोटीस आली. खुलासा मागितला आहे, गुरुवारी धाराशिवला सुनावणी आहे. सेक्शनमधली माणसं माझ्यासमोर बोलायची थांबतात. नोकरी राहील की जाईल, कुणी सांगत नाही, आणि साहेब माझ्याशी इतके गोड बोलायला लागलेत की मला त्याचीच जास्त भीती वाटते. काल एकदा खेळ उघडला. विळेवालीला घेऊन गवतात उभी राहिले आणि समोरच्या गवतातही कुणीतरी उभं असणार असं वाटत राहिलं. मी हलले नाही. डाव संपला तोवर मी तिथंच होते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. अर्जाला जोडण्यासारखंही नाही. पण अर्जात एक गोष्ट मी लिहिली नाही, अणदूरला त्या खोलीतही बोलले नाही, आणि गुरुवारी विचारलं तरी बोलेन असं वाटत नाही. फोन लागला नाही तेव्हा तुम्ही चढायला निघाला नव्हता. तुम्ही लिंबाखाली बसलात, डब्याचं झाकण काढलंत आणि म्हणालात, "रेंज आली की बगू. न्हायतर चढावर जाऊन लावू." मला दोन वाजता प्रॅक्टिकल होतं आणि तुम्ही गाडीवरनं सोडणार होता. मी म्हणाले, "अण्णा, लाइट तर गेलेलीच हाय की." तुम्ही माझ्याकडं बघितलंत, झाकण लावलंत, आणि उठलात.